मिरजेचे खाँसाहेब: ३ मिनिटांच्या तबकडीत मावलेला आवाज आज तुमच्या होम थिएटरवर कसा ऐकायचा?

मोबाईलवर अब्दुल करीम खाँ हे नाव टाकलं की शेकडो क्लिप्स समोर येतात. एखादी लावली की आधी ऐकू येते खरखर. मग त्या खरखरीतून एक बारीक, उंच, रडवेला वाटावा इतका गोड आवाज वर येतो. तीन-साडेतीन मिनिटांत गाणं संपतं.

बरेच जण इथेच थांबतात. ज्यांना आवाज आवडतो ते पुढचा प्रयोग करतात. मोबाईल टीव्हीला जोडतात, टीव्ही साऊंडबारला किंवा होम थिएटरला जोडतात आणि मग प्रश्न पडतो की वायर कुठली घ्यायची. लाल-पांढरी जुनी ॲनालॉग वायर चालेल, की ऑप्टिकल किंवा एचडीएमआय असली डिजिटल केबल हवी? महागडी केबल घेतली तर खाँसाहेबांची खरखर कमी होईल का?

याचं उत्तर द्यायचं तर आधी हा आवाज तबकडीत कसा गेला ते बघावं लागतं. आणि त्यासाठी बघावं लागतं खाँसाहेबांचं आयुष्य. कारण स्वर सलग असतो की तुकड्यातुकड्यांचा, हा आजचा डिजिटल-ॲनालॉगचा वाद सांगली-मिरजेच्या परिसरात शंभर वर्षांपूर्वीच रंगला होता. आणि त्याच्या मध्यभागी होते हेच अब्दुल करीम खाँ.

कैराना ते बडोदा

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ चा. गाव कैराना, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातल्या शामली जिल्ह्यातलं. गावाच्या नावाचं बोलण्यात किराणा झालं आणि त्यावरूनच किराणा घराणं. आपल्याकडच्या किराणा दुकानाशी त्याचा काही संबंध नाही.

घरात गाणं-वाजवणं पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांची तालीम झाली. गळ्याबरोबर सारंगी, बीन, सतार, तबला अशा वाद्यांवरही हात बसला. तारेच्या वाद्यांशी लहानपणी जडलेली ही दोस्ती पुढे फार उपयोगी पडणार होती.

त्या काळात गवयाचं पोट भरायचं ते संस्थानांवर. अब्दुल करीम आणि त्यांचे भाऊ अब्दुल हक जोडीने गायचे. असे दरबार फिरत फिरत दोघे बडोद्याला पोहोचले. सयाजीराव गायकवाडांचं बडोदा म्हणजे कलावंतांना मानाने सांभाळणारं संस्थान. दोघा भावांना दरबारात जागा मिळाली.

तिथेच त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं. बडोद्यातले सरदार मारुतीराव माने यांची मुलगी ताराबाई खाँसाहेबांकडे गाणं शिकत होती. दोघांचं प्रेम जुळलं. एका बाजूला सरदार घराण्यातली मराठी हिंदू मुलगी, दुसऱ्या बाजूला उत्तरेतून आलेला मुसलमान गवई. आजही अशा लग्नावरून गावं पेटतात, तर तेव्हाची कल्पनाच केलेली बरी. दोघांनी बडोदा सोडलं आणि मुंबई गाठली. राजाश्रय गेला, पण महाराष्ट्राला खाँसाहेब मिळाले.

मिरजेतच का थांबले?

मुंबईनंतर खाँसाहेबांच्या फेऱ्या दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात सुरू झाल्या. मिरज हे त्यांच्यासाठी अगदी सोयीचं ठिकाण होतं. पुण्याहून सातारा जिल्ह्यातून येणारी रेल्वे मिरजेत पोहोचते आणि पुढे बेळगाव, धारवाड, हुबळीकडे जाते. पुण्या-मुंबईच्या मैफिली आणि म्हैसूरचा दरबार, दोन्ही एकाच लोहमार्गाच्या दोन टोकांना.

पण मिरजेत थांबण्यामागे आणखी एक गोष्ट सांगितली जाते. प्लेगची साथ होती, खाँसाहेब मिरजेत आजारी पडले आणि कुणीतरी त्यांना ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात जायला सांगितलं. त्यांनी तिथे गाऊन सेवा केली आणि ते बरे झाले, अशी ही आख्यायिका. आख्यायिका बाजूला ठेवली तरी खाँसाहेबांची त्या दर्ग्यावर शेवटपर्यंत श्रद्धा होती आणि उरुसात तिथे ते हजेरी लावून गायचे, हे मात्र खरं.

तिसरं कारण म्हणजे तंबोरे. मिरजेत हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतल्या काही कारागिरांनी १९ व्या शतकात तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. पंढरपूर-मंगळवेढा पट्ट्यात पिकणारे मोठे भोपळे मिरजेत यायचे आणि त्यांचे सतार-तंबोरे व्हायचे. खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत तरबेज होते. प्रवासातही दुरुस्तीची हत्यारं त्यांच्याजवळ असायची असं सांगतात. अशा माणसाला वाद्यं बनवणाऱ्यांचं गाव मिळालं तर तो दुसरीकडे कशाला जाईल?

तंबोऱ्याचा आवाज भरदार होतो तो जवारीमुळे. म्हणजे तार जिथे घोडीवर टेकते, तिथला पृष्ठभाग किंचित गोलसर घासायचा आणि तारेखाली सुताचा धागा सरकवायचा. धागा केसभर इकडे-तिकडे झाला तरी आवाज बदलतो. तो नेमका बसला की एका तारेतून मूळ स्वराबरोबर त्याचे कितीतरी वरचे स्वर झंकारतात. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर जो शोधनिबंध लिहिला, त्यात याच घोडीचा आणि धाग्याचा अभ्यास आहे. नोबेल मिळण्याच्या ९ वर्षं आधीची ही गोष्ट. खाँसाहेबांच्या गाण्याचा पाया म्हणजे हा झंकार. आधी तंबोरे तासन् तास जुळवायचे आणि मग त्या नादात आपला सा असा मिसळायचा की गळा कुठला आणि तार कुठली ते कळू नये.

भोंग्यासमोरचं गाणं

आता तबकडीकडे वळू. ग्रामोफोन कंपनीचे लोक १९०२ मध्ये पहिल्यांदा भारतात ध्वनिमुद्रणासाठी आले आणि कलकत्त्यात गौहरजानचं गाणं तबकडीवर उतरलं. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच, म्हणजे १९०५ च्या सुमारास, अब्दुल करीम खाँ यांचंही गाणं मुद्रित झालं. तेव्हा त्यांची तिशी नुकतीच उलटलेली.

हे ध्वनिमुद्रण कसं व्हायचं ते समजून घेण्यासारखं आहे. त्यात मायक्रोफोन नव्हता, वीज नव्हती आणि एकही वायर नव्हती. गवयाने एका मोठ्या भोंग्यात तोंड घालून जोरात गायचं. आवाजाने भोंग्याच्या टोकाचा पातळ पडदा थरथरायचा, त्याला जोडलेली सुई थरथरायची आणि फिरणाऱ्या मेणाच्या चकतीवर नागमोडी रेघ उमटायची. नंतर त्यावरून साचा बनवून लाखेच्या तबकड्या छापायच्या. घरी तीच रेघ सुईखाली फिरवली की उलट्या क्रमाने आवाज बाहेर.

ॲनालॉग म्हणजे नेमकं काय, याचं याहून सोपं उदाहरण नाही. आवाजाची लाट जशी, तशीच तबकडीवरची रेघ. मध्ये कुठेही आकडे नाहीत, तुकडे नाहीत.

पण या पद्धतीचे तोटेही मोठे होते. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. भोंग्याच्या काळातल्या तबकडीवर ढोबळमानाने त्यातला २०० ते २,५०० हर्ट्झच्या आसपासचाच भाग नीट उतरायचा. म्हणजे ज्या तंबोऱ्याच्या झंकारावर खाँसाहेबांचं सगळं गाणं उभं, तो झंकारच गायब. शिवाय १० इंची तबकडीची एक बाजू ३ मिनिटांत संपायची. जो राग मैफिलीत तास-दीड तास चालायचा, तो इतक्या वेळात गुंडाळायचा.

म्हणूनच अनेक मोठे गवई तबकडीपासून लांब राहिले. काहींना आपली विद्या चोरीला जाईल अशी भीती होती, तर काहींना यंत्रासमोर गाणं कमीपणाचं वाटायचं. खाँसाहेब मात्र भोंग्यासमोर उभे राहिले.

सांगलीचे देवल आणि २२ श्रुती

याच काळात सांगलीत एक निवृत्त डेप्युटी कलेक्टर वेगळ्याच प्रश्नाच्या मागे लागले होते. त्यांचं नाव कृष्णाजी बल्लाळ देवल. प्रश्न असा की आपल्या जुन्या ग्रंथांत सप्तकाच्या २२ श्रुती सांगितल्या आहेत, पण पेटीवर स्वर असतात फक्त १२. मग बाकीच्या गेल्या कुठे?

हा वाद किती बारीक आहे ते आकड्यांत बघू. समजा तुमचा सा २४० हर्ट्झचा आहे. तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप जो शुद्ध गंधार ऐकू येतो, तो बरोबर ३०० हर्ट्झचा असतो. पण परदेशी पद्धतीने जुळवलेल्या पेटीवर सप्तकाचे १२ सारखे भाग केलेले असतात. त्यामुळे तिथला गंधार येतो जवळपास ३०२.४ हर्ट्झचा. फरक फक्त २.४ चा. पण दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला दोन-अडीच हेलकावे ऐकू येतात. तयार कानाला ते दाताखाली खडा आल्यासारखं वाटतं.

देवलांनी तारेची लांबी मोजून स्वरांची कंपनं काढायला सुरुवात केली. तारेचा ताण तोच ठेवला आणि लांबी निम्मी केली की वरचा सा मिळतो. लांबी दोन-तृतीयांश ठेवली की पंचम. हे गणित सोपं आहे. अडचण अशी की नेमका कुठला स्वर मोजायचा, हे सांगायला अचूक गळा लागतो. तो गळा होता अब्दुल करीम खाँ यांचा. खाँसाहेबांना बीनही येत होती आणि गळाही असा सुरेल की एकच स्वर पुन्हा पुन्हा त्याच जागी लागावा. खाँसाहेबांनी गायचं आणि देवलांनी मोजायचं, असे प्रयोग झाले.

१९१० मध्ये देवलांनी २२ श्रुतींवरचं आपलं इंग्रजी पुस्तक काढलं. त्यांना साथ मिळाली अर्नेस्ट क्लेमेंट्स यांची. हे इंग्रज गृहस्थ मुंबई इलाख्यात आयसीएस अधिकारी आणि न्यायाधीश होते आणि त्यांना आपल्या संगीताचं वेड लागलं होतं. १९१३ मध्ये त्यांचंही पुस्तक आलं. दोघांनी मिळून जास्त पट्ट्या असलेली श्रुती हार्मोनियम इंग्लंडमध्ये तयार करून घेतली.

१९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे तिच्यामागचे मुख्य सूत्रधार. ज्या शहरातून खाँसाहेब ताराबाईंना घेऊन निघून गेले होते, तेच हे बडोदा. तिथे श्रुती हार्मोनियम मांडली गेली, पण भातखंडे आणि इतर जाणकारांना ती पटली नाही. त्यांचं म्हणणं होतं की रागातला स्वर एका जागी खिळलेला नसतो. तोच कोमल गंधार एका रागात थोडा खाली असतो, दुसऱ्यात झुलता असतो. त्याला पट्टीत बसवणार कसं?

थोडक्यात, १२ पट्ट्यांच्या जागी २२ केल्या तरी पायऱ्या त्या पायऱ्याच. आणि आपली मींड म्हणजे पायऱ्या नसलेला उतार. श्रुती हार्मोनियम मागे पडली. पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तर हार्मोनियमवरच बंदी घातली आणि ती बरीच वर्षं टिकली. देवलांची धडपड मात्र वाया गेली असं म्हणता येत नाही. स्वर मोजता येतो, त्याबद्दल पुराव्यानिशी भांडता येतं, हे त्यांनी दाखवून दिलं.

शाळा, कुत्रा आणि मोडलेलं घर

१९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केलं. गरीब मुलांना ठेवून घेऊन शिकवायचं, असा तो कारभार. खर्च भागवायला तिकीट लावून जलसे करावे लागायचे.

याच काळातली टिपू मियाँची गोष्ट प्रसिद्ध आहे. टिपू मियाँ हा खाँसाहेबांचा कुत्रा. खाँसाहेबांनी त्याला स्वरात सूर मिसळायला शिकवलं होतं आणि जलशाच्या जाहिरातीतही त्याचं नाव झळकलं होतं. तिकडे ग्रामोफोन कंपनीच्या चित्रातला कुत्रा भोंग्यासमोर बसून नुसता ऐकायचा, इकडे मिरजेच्या खाँसाहेबांचा कुत्रा चक्क गायचा.

शिष्यही तसेच मोठे निघाले. कुंदगोळच्या रामभाऊंना त्यांनी घडवलं, तेच पुढे सवाई गंधर्व म्हणून गाजले. बेहरेबुवा, कपिलेश्वरीबुवा, रोशनआरा बेगम अशी ही यादी मोठी आहे. केसरबाई केरकर पुढे जयपूर घराण्याच्या झाल्या, पण लहानपणी कोल्हापुरात काही महिने त्याही खाँसाहेबांकडे शिकल्या होत्या.

म्हैसूरच्या दरबारात त्यांना संगीतरत्न ही पदवी मिळाली. तिकडच्या फेऱ्यांत त्यांनी कर्नाटक संगीत मन लावून ऐकलं. ख्यालात सरगम गाण्याची त्यांची पद्धत त्यातूनच आली. त्यागराजांची एक कृतीही त्यांनी तबकडीवर गायली. उत्तरेचा गवई, मराठी घर आणि दक्षिणेची सरगम, असं हे रसायन होतं.

पण घर मात्र टिकलं नाही. १९२० च्या आसपास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी वडिलांचं नाव लावणं सोडलं. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले आणि चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर झाल्या. याच हिराबाईंचा जन्म १९०५ मध्ये मिरजेत झाला होता. त्यांची पुढची तालीम वडिलांकडे नाही, तर किराण्याचेच अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे झाली. धाकट्या सरस्वतीबाई राणेही मोठ्या गायिका झाल्या.

ज्या बापाचं नाव सोडलं, त्याचं गाणं मात्र एकाही मुलाच्या गळ्यातून गेलं नाही. स्त्रियांनी तिकीट लावून, रंगमंचावर बसून ख्याल गाण्याची वाट हिराबाईंनी मोकळी केली. पण खाँसाहेबांच्या वाट्याला उतारवयात मिरजेचं घर, शिष्य आणि दर्गा एवढंच उरलं.

दुसऱ्यांदा तबकडीवर

१९२५ मध्ये ध्वनिमुद्रणाचं तंत्र बदललं. भोंगा गेला आणि मायक्रोफोन आला. आवाजाची लाट आता तारेतून विजेच्या रूपात धावू लागली.  मुद्रणाची मर्यादा २,५०० हर्ट्झवरून साधारण ५,००० हर्ट्झच्या पुढे गेली. मुख्य म्हणजे गवयाला ओरडायची गरज उरली नाही.

खाँसाहेबांसारख्या हळुवार गळ्यासाठी हे वरदानच होतं. १९३० च्या दशकात ओडियन कंपनीसाठी त्यांनी पुन्हा ध्वनिमुद्रणं केली. वय साठीच्या पुढे. आज आपण जे अब्दुल करीम खाँ ऐकतो, ते बहुतेक या तबकड्यांतले. झिंझोटीतली ठुमरी, जोगिया, भैरवी, शिवाय मराठी नाट्यपदही.

त्यांच्या झिंझोटीची तबकडी दुकानात वाजताना एका शाळकरी पोराने ऐकली आणि असं गाणं शिकायचंच म्हणून तो घरातून पळाला, ही गोष्ट पंडित भीमसेन जोशींच्या चाहत्यांना तोंडपाठ आहे. भीमसेन पुढे शिकले ते खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्वांकडे. म्हणजे ३ मिनिटांच्या तबकडीने घराण्याला वारस मिळवून दिला.

शेवटचा प्रवास

ऑक्टोबर १९३७. खाँसाहेब दक्षिणेच्या दौऱ्यावर होते. मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना गाडीत त्यांच्या छातीत दुखू लागलं. चेंगलपट्टूजवळच्या सिंगापेरुमाल कोइल या लहानशा स्टेशनवर ते उतरले. फलाटावर बिछाना अंथरला. शिष्यांच्या आठवणी सांगतात की त्यांनी नमाज अदा केली, तंबोरा जुळवायला सांगितला आणि दरबारीचे सूर लावत ते गेले. तारीख होती २७ ऑक्टोबर.

त्यांचं पार्थिव मिरजेला आणलं आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात त्यांना दफन केलं. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. देशभरचे गवई येतात, हजेरी म्हणून गातात. तिकीट नसतं.

तर मग, वायर कुठली?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

खाँसाहेबांचा आवाज तुमच्यापर्यंत येताना तबकडीवरची रेघ, मग विजेची लाट, मग आकडे आणि शेवटी पुन्हा लाट असा प्रवास करतो. सीडीच्या दर्जाच्या फाईलमध्ये दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजलेला असतो आणि प्रत्येक मोजमापासाठी ६५,५३६ पातळ्या असतात.

इथे देवलांच्या पेटीसारखी शंका येते. आकड्यांच्या पायऱ्यांत मींड तुटत नाही का? तर नाही. पेटीची पट्टी स्वरच ठरवून टाकते. डिजिटल मोजमाप स्वर ठरवत नाही, ते लाटेचा आकार टिपतं. मोजण्याचा वेग आवाजातल्या सर्वांत वरच्या कंपनाच्या दुपटीहून जास्त असला की त्या आकड्यांवरून सलग लाट पुन्हा तयार होते. ४४,१०० चं निम्मं २२,०५०, म्हणजे कानाच्या मर्यादेच्या पुढे. खाँसाहेबांची तबकडी तर त्याच्या खूप आतच आहे.

आता एकेक जोडणी बघू.

टीव्ही ते साऊंडबार किंवा ॲम्प्लिफायर: दोन्हीकडे एचडीएमआय एआरसी असं लिहिलेलं पोर्ट असेल तर तीच केबल लावा. एकाच रिमोटने आवाज कमी-जास्त करता येतो. ते नसेल तर ऑप्टिकल. तिच्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. त्यामुळे शेजारच्या प्लगमधली घरघर तिच्यात शिरतच नाही. साधा स्टिरिओ आणि ५.१ चा डॉल्बी आवाज दोन्ही जातात.

लाल-पांढरी ॲनालॉग वायर: ती वाईट नाही. मीटर-दीड मीटर अंतरासाठी उत्तम चालते. पण तिच्यातून खुद्द लाटच जाते, त्यामुळे वाटेत जे मिसळेल ते ऐकू येतं. आपल्याकडे घरातली वीज ५० हर्ट्झची. वायर लांब असेल, पॉवर केबलला चिकटून असेल किंवा घरात अर्थिंग धड नसेल, तर स्पीकरमधून सतत हूं असा आवाज येतो. तो सुराच्या खाली तंबोऱ्यासारखा घुमतो, फक्त बेसूर. उपाय सोपा आहे. वायर लांबीने कमी घ्या, शील्ड असलेली घ्या, पॉवर केबलपासून दूर ठेवा आणि अर्थिंग तपासा.

महागडी केबल: डिजिटल केबलमधून आकडे जातात. ते नीट पोहोचले तर आवाज पूर्ण येतो, नाही पोहोचले तर तुटतो, फटफटतो किंवा बंद पडतो. महाग केबलने गोडवा वाढत नाही. सोन्याचा मुलामा गंज टाळतो, इतकंच. आकड्यांची पुन्हा लाट बनवणारी चिप चांगली कुठे आहे, हे जास्त महत्त्वाचं. ॲम्प्लिफायर चांगला असेल तर त्याला डिजिटल द्या. आधीचं यंत्र चांगलं असेल तर तिथूनच ॲनालॉग घ्या.

घरी खरीखुरी जुनी तबकडी असेल तर: आजच्या एलपीची बारीक सुई तिच्यावर चालवू नका. ७८ वाल्या तबकडीची खाच रुंद असते, तिला जवळपास ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची सुई खाचेच्या तळाला घासते आणि खरखर वाढते. शिवाय टर्नटेबलची वायर थेट ऑक्सला न लावता फोनो प्रीॲम्पला लावायची असते आणि सोबतची बारीक अर्थ वायर विसरायची नसते.

सराऊंड बंद करा: खाँसाहेबांची सगळी ध्वनिमुद्रणं मोनो आहेत. सिनेमाचा ७.१ चा इफेक्ट लावला की मशीन त्या एका आवाजातून खोटे आवाज बनवून मागच्या स्पीकरला पाठवतं. साधा स्टिरिओ मोड ठेवा, दोन स्पीकर पुरे. खरखर काढणारे फिल्टरही जपून वापरा. खरखर जिथे असते, साधारण तिथेच आवाजातली धार आणि तंबोऱ्याचा उरलासुरला झंकार असतो. फिल्टर दोन्ही एकदम पुसतो.

वेग तपासा: ७८ च्या वेगाने मुद्रित झालेली तबकडी कुणी ८० ने फिरवून अपलोड केली असेल, तर सूर जवळपास अर्ध्या पट्टीच्याही निम्म्याइतका चढतो. स्वरांमधली अंतरं तीच राहतात, म्हणून देवलांच्या श्रुती शाबूत. पण गळा आहे त्यापेक्षा बारीक आणि गाणं घाईचं वाटतं. एकाच गाण्याच्या दोन-तीन क्लिप्स ऐकून बघा, फरक लगेच कळेल.

म्हणजे केबलने खरखर जाणार नाही. जे भोंग्यात किंवा मायक्रोफोनमध्ये शिरलंच नाही, ते हजारो रुपयांच्या वायरमधून बाहेर येणार नाही. वायरचं काम एकच. जे आहे ते वाटेत न सांडता पोहोचवणं.

जे सांडलं, त्याचा पत्ता मात्र आजही आहे. मिरजेत सतारमेकर गल्लीत भोपळे वाळत असतात, जवारी घासली जाते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. खाँसाहेबांच्या तबकडीत जो झंकार मावला नाही, तो तिथे कुठल्याही वायरशिवाय ऐकायला मिळतो.